समर कॅम्पमधल्या टोपणनावांची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या अनेक समर कॅम्पांत, विशेषतः मुलींच्या, काउन्सेलरचं, म्हणजे मुलांची देखरेख करणाऱ्या तरुणीचं, खरं नाव मुलांना सांगत नाहीत. मुक्काम संपेपर्यंत ती ‘मूस’ किंवा ‘पिकल’ असते. मुलं अंदाज बांधत राहतात, आणि काही ठिकाणी शेवटच्या दिवशी नाव फोडलं जातं. आज ही निव्वळ धमाल वाटते. सुरुवात मात्र तशी नव्हती.

संघटित कॅम्पांचा इतिहास साधारणपणे १८६१ पासून मोजतात, कनेक्टिकटमधल्या एका शाळाचालकाने विद्यार्थ्यांना समुद्रकाठी मुक्कामाला नेलं तेव्हापासून. नावांची गोष्ट पुढची. १९०२ मध्ये त्याच राज्यात एका निसर्गलेखकाने अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे मूलनिवासींच्या, धर्तीवर मुलांची ‘टोळी’ जमवली आणि स्वतः ‘ब्लॅक वुल्फ’ झाला. मग १९१० च्या सुमारास मेन राज्यातल्या सेबागो तळ्याकाठी, शारीरिक शिक्षणात नाव कमावलेले एक डॉक्टर आणि त्यांची पत्नी यांनी मुलींचा कॅम्प चालवला. ते ‘तिमानस’, त्या ‘हिइतेनी’. याच दांपत्याच्या पुढाकाराने उभी राहिलेली मुलींची संघटना देशभर पसरली आणि तिच्याबरोबर ही चालही. मूलनिवासी भाषांतल्या शब्दांच्या छापील याद्या निघाल्या. मुलीने त्यातून शब्द निवडायचे, तुकडे जोडून आपलं नाव घडवायचं आणि त्याचं चिन्ह समारंभाच्या झग्यावर मण्यांनी उतरवायचं.

आता त्याच काळातलं दुसरं टोक पाहा. पेन्सिल्व्हेनियातल्या कार्लाइल इथे १८७९ पासून १९१८ पर्यंत मूलनिवासी मुलांसाठी सरकारी वसतिशाळा होती. तिथे केस कापले जात, मातृभाषा बोलायला बंदी होती, आणि नावं बदलली जात. सुरुवातीच्या तुकडीतल्या एका विद्यार्थ्याने पुढे आत्मकथनात लिहिलं आहे की, फळ्यावर इंग्रजी नावं लिहिलेली होती आणि मुलांच्या हातात छडी देण्यात आली. एक अक्षर वाचता येत नसताना ज्या नावावर छडी टेकेल, ते त्याचं. म्हणजे एकीकडे या मुलांची नावं काढून घेतली जात होती, आणि दुसरीकडे गोऱ्या घरांतल्या मुली उन्हाळ्यापुरती तशीच नावं हौसेने लावत होत्या. ‘त्या काळी आदरापोटीच केलं’ हा बचाव आजही ऐकू येतो. हेतू चांगला असेलही, पण ज्यांची नावं घेतली त्यांना विचारलं कोणी होतं?

ही नावं सुटायला फार वेळ लागला. साठ-सत्तरच्या दशकांत मूलनिवासींच्या चळवळीने आवाज उठवला. तरीही १९२६ मध्ये सुरू झालेल्या वडील-मुलांच्या एका मोठ्या उपक्रमाने मूलनिवासी नावांचा तो सगळा साज एकविसावं शतक उजाडेपर्यंत सोडला नाही. नवी नावं झाडं, पाखरं आणि खाऊ यांच्यावरून आली. नाव घेण्याची रीत तेवढी उरली, कारण तिची सोय होती. ‘मिस अमुक’ म्हटलं की शाळा आठवते, नुसतं पहिलं नाव घेतलं तर वचक राहत नाही. आपल्या शिबिरांत ‘ताई’, ‘दादा’ हे जे काम करतात, ते तिथे टोपणनाव करतं.

सोशल मीडिया आल्यावर या रीतीला नवं समर्थन मिळालं: खरं नाव माहीत नसेल तर मुलं घरी जाऊन काउन्सेलरला ऑनलाइन शोधणार नाहीत. काउन्सेलर बहुतेक कॉलेजवयीन असतात, त्यामुळे ही काळजी खरी आहे. पण हे कारण मागाहून जोडलेलं आहे, आणि त्यात संरक्षण मोठ्यांचं होतं. एखाद्या मुलाला तक्रार करायची असेल तर ‘पिकलने असं केलं’ एवढंच त्याला सांगता येतं. पुढच्या उन्हाळ्यात तेच नाव दुसऱ्या कोणी घेतलं असेल तर? कार्यालयात नोंद असते, हे उत्तर मला अपुरं वाटतं. प्रत्येक काउन्सेलरचं खरं नाव पालकांच्या हातात पहिल्याच दिवशी लेखी पडायला हवं. मुलांचा अंदाज बांधण्याचा खेळ त्याने बिघडत नाही.