खांद्यावरची सायकल: अमेरिकेतल्या कॉलेज सायक्लोक्रॉसची पार्श्वभूमी

सायक्लोक्रॉस म्हणजे गवत, चिखल आणि अडथळ्यांतून आडवाटेने होणारी सायकल शर्यत. अमेरिकेच्या राष्ट्रीय सायक्लोक्रॉस स्पर्धेत कॉलेजच्या संघांसाठी वेगळ्या शर्यती होतात. गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली, सायकल खांद्यावर टाकून चढावर धावणारी वीस-एकवीस वर्षांची मुलं-मुली पहिल्यांदा पाहणाऱ्याला साहजिकच वाटतं, की सायकल असताना ही धावतात कशाला? त्याचं उत्तर शोधायला शंभराहून जास्त वर्षं मागे, फ्रान्समध्ये जावं लागतं.

रस्त्यावरच्या शर्यतींचा हंगाम शरद ऋतूत संपायचा आणि थंडीत सायकलपटू रिकामे बसायचे. मग गावोगावची मंडळी शेतातून, कुंपणं ओलांडत, ओढ्यातून आडवाटेने सायकली हाकू लागली. डॅनियल गूसो नावाच्या फ्रेंच सैनिकाने या उद्योगाला शिस्त लावली आणि 1902 मध्ये फ्रान्सची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली. पण खेळाचं नाव झालं ते 1910 मध्ये. त्या वर्षी ओक्ताव्ह लापीझ हा सायकलपटू टूर द फ्रान्स ही रस्त्यावरची मोठी शर्यत जिंकला आणि आपल्या यशाचं श्रेय त्याने हिवाळ्यातल्या या रानावनातल्या सरावाला दिलं. बेल्जियमने तर हा खेळ असा उचलला, की आजही तिथे हिवाळ्यातले रविवार त्याच्यासाठी राखलेले असतात. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 1950 मध्ये पॅरिसला झाली. ती जिंकणारा जाँ रोबिक त्याआधी, 1947 मध्ये, टूरचाही विजेता होता.

आजच्या शर्यतीतही ती आडवाट जपली आहे. साधारण अडीच ते साडेतीन किलोमीटरचा फेरा, तो पुन्हा पुन्हा मारायचा, तासभर किंवा त्याहून थोडं कमी. वाटेत गवत, वाळूचा खड्डा, बाजूला कलणारा निसरडा उतार, पायऱ्या आणि जास्तीत जास्त 40 सेंटिमीटर उंचीच्या फळ्या. टायरची रुंदी आंतरराष्ट्रीय नियमांनुसार 33 मिलिमीटरच्या वर चालत नाही. एवढ्या अरुंद टायरवर चिकणमातीचा चढ चढवत नाही, म्हणून उतरायचं. पण थांबायचं नाही! चालत्या सायकलवरून उजवा पाय मागून डावीकडे आणायचा, पाय जमिनीला लागताच धावत सुटायचं, सायकल उचलून खांद्यावर घ्यायची आणि वर पोचलं की उडी मारून पुन्हा बैठकीवर. आषाढात बांधावरून सायकल खांद्यावर घेऊन गेलेल्या कुणालाही यातला अर्धा भाग शिकवावा लागणार नाही. उरलेला अर्धा, म्हणजे वेग न तोडता हे सगळं करणं, शिकायला काही हिवाळे जातात. माझ्या मते या खेळाचं खरं सौंदर्य सायकलवर चढण्या-उतरण्याच्या त्या क्षणांतच आहे.

अमेरिकेत या खेळाने मूळ धरलं ते 1970 च्या दशकात. कॉलेजांच्या वाट्याला तो आला तेव्हा त्याची घडण अमेरिकेतल्या इतर कॉलेज खेळांपेक्षा वेगळी झाली, आणि इथेच थोडं थांबायला हवं. अमेरिकन फुटबॉल, बास्केटबॉल हे कॉलेज खेळ ज्या एनसीएए या संघटनेच्या छत्राखाली चालतात, तिच्या यादीत सायकलिंग नाही. कॉलेज सायकलिंगचा कारभार यूएसए सायकलिंग ही राष्ट्रीय संघटना पाहते. त्यामुळे टीव्हीचा पैसा नाही, भरगच्च स्टेडियम नाही. आधी कॉलेजांची विभागणी डिव्हिजन वन आणि टू अशी होती. पुढे ती व्हर्सिटी आणि क्लब अशी झाली. व्हर्सिटी म्हणजे जिथे कॉलेजच प्रशिक्षक नेमतं, शिष्यवृत्ती देतं. क्लब म्हणजे विद्यार्थीच वर्गणी काढतात, गाडी ठरवतात आणि रात्रभर ती चालवत स्पर्धेला पोचतात.

नावं पाहिली तर मोठी विद्यापीठं आहेतच, पण दबदबा छोट्यांचाही आहे. नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात बॅनर एल्क या लहानशा गावातलं लीस-मॅक्रे कॉलेज, कोलोरॅडोत ड्युरँगोचं फोर्ट लुईस कॉलेज, इंडियानापोलिसचं मेरियन विद्यापीठ. ड्युरँगो हे तेच गाव, जिथे 1990 मध्ये माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. फोर्ट लुईसमधून गेलेला टॉड वेल्स पुढे राष्ट्रीय सायक्लोक्रॉस विजेताही झाला. फाटकाबाहेर पडलं की डोंगरवाट, हे भांडवल या कॉलेजांना कुठल्याही अनुदानाहून मोलाचं ठरलं.

शर्यत एकट्याची असली तरी कॉलेजची गुणतालिका संघाची असते, आणि तीत मुलं आणि मुली दोघांचेही गुण धरले जातात. म्हणून ज्या कॉलेजाने मुलींचा संघ उभा करायला हयगय केली, ते वर सरकू शकत नाही. या एका नियमाने जे साधलं, ते भाषणांनी साधलं नसतं.

तारखांचाही एक इतिहास आहे. राष्ट्रीय स्पर्धा पूर्वी डिसेंबरात व्हायची. बहुतेक अमेरिकन कॉलेजांत ते सत्रपरीक्षेचे दिवस. 2012 मध्ये, मॅडिसन शहरातल्या स्पर्धेपासून, ती जानेवारीत गेली आणि 2018 च्या शेवटी पुन्हा डिसेंबरात आली. म्हणून 2018 या एकाच वर्षात दोन राष्ट्रीय स्पर्धा झाल्या, जानेवारीत रीनोला आणि डिसेंबरात लुईव्हिलला. पेपर आणि शर्यत एकाच आठवड्यात आले की विद्यार्थ्याची काय ओढाताण होते, ते सांगायला नको.

जानेवारी 2015 मधलं, टेक्सासच्या ऑस्टिन शहरातलं प्रकरण अजून बोलण्यात निघतं. झिल्कर पार्कमध्ये स्पर्धा होती, पाऊस पडून जमीन भिजली होती. शेवटच्या दिवशी, रविवारी, जुन्या वृक्षांच्या मुळांना धक्का पोचेल या काळजीने शहराच्या उद्यान खात्याने शर्यती थांबवल्या. विमानांची तिकिटं काढलेले खेळाडू अडकले, मुख्य शर्यती सोमवारवर गेल्या. मला दोन्ही बाजू पटतात. शेकडो वर्षांची झाडं पुन्हा लावता येत नाहीत, आणि चिखल हाच ज्या खेळाचा प्राण, त्याला पावसाचं कारण सांगून थांबवणंही अवघड.

चिखलामुळेच मार्गालगत पिट नावाची जागा ठेवलेली असते. मातीने जड झालेली सायकल तिथे टाकून धुतलेली दुसरी घ्यायची मुभा आहे. व्यावसायिकांकडे त्यासाठी मेकॅनिक असतात. क्लबच्या संघात मात्र ते काम बहुधा सोबत्याकडेच येतं. आपली शर्यत संपवून तो ओल्या बुटांनीच तिथे उभा राहतो, एका हातात पाण्याचा पाइप आणि दुसऱ्या हातात मैत्रिणीची सायकल धरून.