ईस्टर्न साउंड्स (युसेफ लतीफ यांचा अल्बम)

ईस्टर्न साउंड्स हा अमेरिकन वादक युसेफ लतीफ यांचा हार्ड बॉप जॅझ अल्बम. 5 सप्टेंबर 1961 ला न्यू जर्सीतल्या साउंड इंजिनिअर रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत तो रेकॉर्ड झाला, आणि प्रेस्टीज कंपनीच्या मूड्सव्हिल या लेबलवर आला. मूड्सव्हिल हे संथ, रात्री निवांत ऐकायच्या म्युझिकसाठी काढलेलं लेबल होतं, त्यामुळे या अल्बममध्ये बहुतेक ठिकाणी घाई नाही.

लतीफ यांचा जन्म 1920 चा, टेनेसीतला, पण वाढले डेट्रॉइटमध्ये. मोटारींच्या कारखान्यांच्या या शहरानं पॉल चेंबर्स, केनी बरेल, एल्विन जोन्स असे कितीतरी वादक घडवले. हार्ड बॉप म्हणजे बीबॉप या आधीच्या जॅझ शैलीच्या वेगवान, गुंतागुंतीच्या भाषेत ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं दर्दभरं संगीत) आणि चर्चमधल्या गॉस्पेल या भक्तिगीतांचा जीव परत आणलेलं जॅझ. लतीफ मूळचे टेनर सॅक्सोफोनवाले, पुढे त्यांनी अहमदिया पंथातला इस्लाम स्वीकारला, नाव बदललं, आणि आशिया-आफ्रिकेतली वाद्यं आणि स्वरमालिका शोधत गेले.

या अल्बमवर ते टेनर, बासरी, ओबो आणि शुन वाजवतात. शुन म्हणजे मातीचं गोल चिनी फुंकवाद्य. पहिल्याच 'द प्लम ब्लॉसम'मध्ये ते ऐकू येतं, त्यांच्याकडच्या शुनमधून फक्त पाच स्वर निघायचे आणि तेवढ्यावर त्यांनी अख्खा ब्लूज उभा केलाय, हे मला या अल्बममधलं सगळ्यात मोठं काम वाटतं. ओबो हे आपल्या सनईसारखं दुहेरी पत्तीचं वाद्य. 'ब्लूज फॉर द ओरिएंट'मध्ये तो असा काही रडवेला वाजतो की ब्लूजसाठी हे वाद्य फारसं कुणी का हातात घेतलं नाही असा प्रश्न पडतो. 'चिंग मियाव' पाच मात्रांच्या आवर्तनात आहे आणि तिथे टेनर मोकळा सुटतो.

साथीला तिघंच. पियानोवर बॅरी हॅरिस, ड्रम्सवर लेक्स हम्फ्रीज, आणि बेसवर अर्नी फॅरो, जे जॅझ पियानोवादक ॲलिस कोल्ट्रेन यांचे सावत्र भाऊ, आणि काही ठिकाणी तेच रबाब हे तंतुवाद्यही वाजवतात. हॅरिस तर पक्के बीबॉपवाले, तरी लतीफ कुठेही गेले तरी ते खालून जमीन धरून ठेवतात, म्हणूनच हा अल्बम नुसता परदेशी वाद्यांचा नमुना होत नाही. नावातलं 'ईस्टर्न' मात्र फारच ढोबळ आहे, चीन कुठे, अफगाण रबाब कुठे, सगळं एकाच शब्दात कोंबलंय.

दोन ट्यून सिनेमातल्या आहेत, 'द रोब' आणि 'स्पार्टाकस' या रोमन काळावरच्या चित्रपटांच्या लव्ह थीम, म्हणजे प्रेमाच्या प्रसंगांच्या धून. दुसरी, संगीतकार ॲलेक्स नॉर्थ यांची, लतीफ ओबोवर इतकी हळुवार वाजवतात की आज अल्बमची ओळख तीच झालीये. जपानी हिप-हॉप प्रोड्यूसर नुजाबेस यांनी ती सॅम्पल केली, म्हणजे तिचा तुकडा आपल्या ट्रॅकमध्ये वापरला, आणि त्यातून जॅझ कधीच न ऐकलेली तरुण मंडळीसुद्धा लतीफपर्यंत पोचली.

गंमत म्हणजे लतीफ यांना स्वतःला 'जॅझ' हा शब्द मान्य नव्हता, आपल्या म्युझिकला ते 'ऑटोफिजिओसायकिक' म्हणायचे, म्हणजे शरीर, मन आणि आत्मा यांतून आलेलं. 2013 मध्ये, 93 व्या वर्षी ते गेले.