हलणं वेगळं, थरथरणं वेगळं

ठाण्याच्या मासुंदा तलावावरून घेतलेल्या ड्रोन-व्हिडिओत गडकरी रंगायतनच्या भिंती वळवळताना दिसल्या, तर त्याचं खापर वाऱ्यावर फोडू नये. याला धंद्यात ‘जेलो’ म्हणतात आणि त्याचं मूळ मोटर, पंखे आणि सेन्सर यांच्या जुळणीत असतं. सीमॉस सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातली चित्र टिपणारी चिप, सगळं चित्र एकदम टिपत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतो. मोटर मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल आणि पंखा जरा जरी एका बाजूला जड असेल, तर कॅमेरा सेकंदाला १०० वेळा थरथरतो. सेन्सरला पूर्ण वाचायला १/३० सेकंद लागत असेल, तर सरळ खांबात तीन लाटा उमटणारच.

सिनेमावाल्यांना ही कटकट नव्हती. १९७०च्या दशकातल्या स्टेडिकॅमने, म्हणजे कॅमेरामनच्या अंगावर बांधायच्या आधाराने, चालत्या माणसाचे हेलकावे शोषले, पण ते हेलकावे संथ होते. जानेवारी २०१३मध्ये डीजेआय या चिनी कंपनीचा पहिला फँटम ड्रोन आला, तोही कॅमेऱ्याविना. लोकांनी खाली गोप्रो हा चिमुकला कॅमेरा घट्ट आवळला आणि मोटरची सगळी थरथर थेट लेन्सपर्यंत पोचली. मग हौशी मंडळींनी डोकं लढवलं: कानात घालायचे फोमचे बोळे, रबरी गोळ्या, पंख्याच्या हलक्या पात्याला चिकटपट्टीचा तुकडा. काहींनी एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काच, लावून शटर १/१००० सेकंदावरून १/५०वर आणलं. त्याने थरथर जात नाही, प्रत्येक ओळीत थोडी पुसट होऊन लपते, एवढंच.

२०१४मध्ये फँटम २ व्हिजन प्लस तीन अक्षांचा गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारा मोटरवरचा आधार, घेऊनच आला आणि सगळं श्रेय गिंबलला गेलं. ते अर्धंच खरं. गिंबल ड्रोनचं कलणं, वळणं सावरतो. बारीक थरथर अडवतात त्याच्या वरच्या रबरी गोळ्या.

आपल्याकडे ऑक्टोबर २०१४मध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, खासगी ड्रोनवर बंदी घातली. नियमावली लागू झाली १ डिसेंबर २०१८ला आणि २०२१च्या नियमांनी ती बरीच सैल केली. तोवर बाजारात तयार गिंबलचे ड्रोन आले होते, त्यामुळे पंखे तोलण्याची सवय आपल्याकडे फारशी रुजलीच नाही, असं मला वाटतं. येऊरच्या झाडाला घासून पात्याची कड उडाली तरी पुढचं प्री-वेडिंग त्याच पंख्यावर उरकतात. मग वाशीत जुना ड्रोन विकत घेणारा गिंबल तपासतो, चारही गोळ्या बोटाने दाबून बघत नाही. एखादी कडक झालेली किंवा निसटलेली असली, तर तो गिंबल ठणठणीत असूनही भिंती वळवळतात.