वाट चुकण्याची धास्ती आणि आभासी चाचण्या : पार्श्वभूमी

वाट चुकण्याच्या धास्तीवरचं बरंचसं काम आज आभासी जगात, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर नाहीतर डोळ्यांवर चढवायच्या हेडसेटमध्ये चालतं. ती धास्ती मोजण्याची पट्टी मात्र कागदावरची आहे, आणि तीही 1994 सालची. अमेरिकेत तयार झालेल्या त्या प्रश्नावलीत आठ प्रसंग आहेत : अनोळखी भागात भेटीची जागा शोधणं, पहिल्यांदाच गेलेल्या दुकानातून बाहेर पडल्यावर कुठे वळायचं ते ठरवणं, नकाशा नसताना जवळचा वाटणारा नवा रस्ता धरून पाहणं, मोठ्या पार्किंगमध्ये आपली गाडी शोधणं, वगैरे. प्रत्येक प्रसंगाला ‘अजिबात नाही’पासून ‘फार’पर्यंत पाच पायऱ्या. बायकांची धास्ती सरासरीने जास्त निघाली, आणि जास्त धास्तावणारे लोक दिशांचं भान ठेवून चालण्याची पद्धत कमी वापरतात असंही दिसलं. 2002 मध्ये हंगेरी आणि अमेरिकेत केलेल्या तुलनेतही स्त्री-पुरुषांतला हा फरक कायम राहिला.

ही प्रश्नावली जशीच्या तशी मराठीत आणली तर पार्किंगच्या प्रश्नाला गाडी न चालवणारा माणूस बिनधास्त ‘अजिबात नाही’ लिहून मोकळा होतो. तिथे दादर स्टेशनातून पूर्वेला उतरायचं की पश्चिमेला, असा काहीतरी प्रसंग हवा.

आभासी बाजूची सुरुवात उंदरांपासून होते. पाण्याच्या गोल हौदात बुडवून ठेवलेला चौथरा आजूबाजूच्या खुणांवरून शोधायचा, ही चाचणी 1980 च्या दशकात प्रयोगशाळांत रुळली आणि 1998 पर्यंत माणसांसाठी संगणकावर आली. घाबरलेला उंदीर हौदाच्या कडेकडेने पोहतो. हंगेरीतल्या एका गटाने 2000 नंतरच्या दशकात माणसांचं पडद्यावरचं कडेला चिकटणं भीतीच्या प्रश्नावल्यांशी जोडून पाहिलं. पुढे 2016 मध्ये मोकळ्या जागांची भीती असलेले रुग्ण खऱ्या फुटबॉल मैदानावरही कडेकडेने चालतात असं दिसलं, तेव्हा या मापाला वजन आलं.

खरा वाद आहे तो सहभागी माणसाला आभासी जगात फिरवायचं कसं, याचा. अहवालात या निर्णयाला जेमतेम एक ओळ मिळते. निकाल मात्र बऱ्याचदा त्यावरच ठरतो.

2014 नंतर बरंच वापरलं गेलेलं आभासी गाव घेऊ. माणूस खुर्चीत बसून कीबोर्डवर पुढे सरकतो आणि माउसने वळतो. दोन स्वतंत्र रस्ते, प्रत्येकावर चार इमारती, मग त्यांना जोडणारे आणखी दोन रस्ते. नंतर एकेका इमारतीपाशी उभं करून बाकीच्या सातांची दिशा दाखवायला सांगतात. चूक अंशांत मोजतात. निव्वळ अंदाजाने दाखवलं तर सरासरी चूक 90 अंशांच्या आसपास येते. शेवटी कोऱ्या जागेवर इमारती मांडून नकाशा करायचा. मांडणी नेटकी आहे, पण शिकताना रस्त्यावर बाण असतात, त्यामुळे चुकायला वावच नाही. जिथे कुणी हरवू शकत नाही तिथे हरवण्याची धास्ती उठणार कशी? अशा चाचणीतून धास्ती आणि दिशाज्ञान यांचं नातं निघतं ते स्वभावाचं. त्या क्षणाला काय वाटलं, ते हाती लागत नाही.

मोकळं फिरू दिलं की हा दोष जातो आणि दुसरा येतो. पडद्यावर मोकळं फिरताना पाहिलेल्या जागी पुन्हा पुन्हा जाणारे लोक नंतर दिशा दाखवताना कमी पडतात, असं 2018 मध्ये दिसलं. पण हालचालींच्या नोंदीत दिसणारं थबकणं धास्तीचं की बटणं न जमल्याचं? 2011 च्या एका अभ्यासात व्हिडिओ गेमचा सराव आभासी जागेतल्या कामगिरीशी जुळला, खऱ्या इमारतीतल्या कामगिरीशी नाही. भिंतीला टेकून माउस कुठे न्यावा हे न कळलेला माणूस नोंदीत गोंधळलेला दिसतो. म्हणून सराव मिनिटांवर सोडू नये. खुणा नसलेल्या रिकाम्या खोलीत ठरलेल्या खांबांना न धडकता वळसा घालता आला, की मगच खरी चाचणी. भिंतीला लागलेले थांबे आणि चौकातले थांबे वेगळे मोजायचे. गेमचे तास आकडेमोडीत वजा करण्याची सोपी वाट अनेकजण धरतात. मात्र गेम खेळणं आणि स्त्री-पुरुष फरक एकमेकांत इतके गुंतलेले असतात की त्या वजाबाकीत खरा फरकही वाहून जातो.

हेडसेटने प्रश्न सुटेल अशी आशा होती. 1998 च्या एका प्रयोगात त्रिकोणाच्या दोन बाजू ‘चालून’ झाल्यावर सुरुवातीच्या जागेकडे तोंड करायचं होतं. नुसतं दृश्य फिरताना पाहणाऱ्यांकडून दोन बाजूंमधलं वळण हिशेबात धरायचंच राहिलं. अंगाने वळलेल्यांची ही चूक झाली नाही. तेव्हा निदान फिरती खुर्ची तरी हवीच. मळमळ टाळायला 30 अंशांच्या झटक्यांनी दृश्य वळवण्याची सोय वापरली, तर वळणाची उरलीसुरली जाणीवही जाते.

मळमळ मोजायची प्रश्नावली 1993 सालची, विमानाच्या सिम्युलेटरसाठी बनवलेली : 16 लक्षणं, प्रत्येकाला 0 ते 3. त्यातला घाम, लक्ष न लागणं आणि पोटातली अस्वस्थता धास्तीतही असतेच. ती चाचणीच्या आधी आणि नंतर अशी दोनदा भरून घेतली नाही तर दोन्हींची खिचडी होते. घाम यंत्राने मोजणाऱ्यांनी इलेक्ट्रोड अशा हाताला लावावेत, ज्यात कंट्रोलर (फिरण्यासाठी हातात धरायचं बटणांचं साधन) नाही. त्वचेचा हा घामाचा प्रतिसाद प्रसंगानंतर साधारण एक ते तीन सेकंदांनी येतो. तेवढ्यात भराभर चालणारा माणूस पुढच्या चौकाशी पोचलेला असतो, आणि धास्ती चुकीच्या वळणाच्या नावावर जमा होते.

कागदी पट्टीही 2018 मध्ये रुंदावली : 24 प्रश्न, तीन भाग. मनात आकृती फिरवण्याची धास्ती आणि दृश्य डोळ्यांपुढे आणण्याची धास्ती वाटेच्या धास्तीपासून वेगळी काढली. त्याच्या आदल्या वर्षी ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या अभ्यासातही वाट शोधण्याची आणि आकृत्या फिरवण्याची धास्ती वेगळी पडली होती. तरी तिन्ही भागांची बेरीज करून ‘धास्ती’ म्हणून छापण्याचा मोह होतो. आभासी गावासाठी वाटेचा भाग तेवढा कामाचा.

उरतो क्रमाचा प्रश्न. प्रश्नावली चाचणीच्या लगेच आधी दिली तर माणूस सावध होतो. नंतर दिली तर नुकत्याच झालेल्या फजितीचे गुण त्यात मिसळतात. काही दिवस आधी, घरूनच भरून घेणं त्यातल्या त्यात बरं. त्याचा आणखी एक उपयोग असा, की मळमळून अर्ध्यात हेडसेट काढणाऱ्यांचेही धास्तीचे गुण हाताशी राहतात. मग गळालेले लोक टिकलेल्यांपेक्षा जास्त धास्तावणारे होते का, हे तपासता येतं.