निशिगंधाला युरिया किती, जिवाणू खत कधी?

जिवाणू खत, म्हणजे हवेतलं नत्र (नायट्रोजन) पिकाला मिळवून देणाऱ्या जिवाणूंचं खत, घेतलं की युरिया बंद करायचा का, असं लागवडीच्या दिवसांत बरेच शेतकरी विचारतात. बंद करू नका, थोडा कमी करा. बाटलीवर दोनशे रुपये खर्चून चार गोण्या युरिया वाचेल, असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. ही खतं आम्हीही विकतो, तरीही.

हिशेब असा. निशिगंधाला हेक्टरी 200 किलो, म्हणजे एकरी 80 किलो नत्राची शिफारस आहे. सगळं नत्र युरियातून द्यायचं ठरवलं तर 45 किलोच्या जवळपास चार गोण्या लागतात. जिवाणू खत व्यवस्थित वापरलं तर तीन गोण्यांवर भागतं. बेसल डोसला (लागवडीच्या वेळच्या खताला) 10:26:26 हे मिश्रखत घालत असाल तर त्याच्या दर 50 किलोंमागे 5 किलो नत्र आधीच जमिनीत जातं, तेवढं वजा करा. पहिल्या वर्षी मात्र ही कपात निम्म्याच प्लॉटवर करा. दोन्हीकडचे फुलांचे दांडे मोजा, त्यांची लांबी बघा, मग पुढचं ठरवा.

जास्त युरियाने पात हिरवीगार होते आणि शेत बघून मन खूश होतं, पण दांडा मऊ पडतो. सुवासिनीसारख्या डबल (भरगच्च पाकळ्यांच्या) जातीत वरच्या फुलांच्या भाराने तो वाकतो आणि बाजारात जुडीचा भाव उतरतो. मावा, फुलकिडेही अशाच लुसलुशीत पिकावर आधी येतात. शिवाय मुळांशी अमोनियाचं नत्र भरपूर असलं की जिवाणू हवेतलं नत्र धरायचं काम थांबवतात. म्हणून युरिया एकदम न टाकता चार हप्त्यांत द्या: लागवडीला, मग 30, 60 आणि 90 दिवसांनी.

निशिगंधासारख्या कंदफुलांना अ‍ॅझोटोबॅक्टर किंवा अ‍ॅझोस्पिरिलम या जिवाणूंचं खत घ्या. रायझोबियम कडधान्यांसाठी असतं, इथे त्याचा उपयोग नाही. काळ्या, चुनखडीच्या जमिनीत सोबत स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू जरूर घ्या. अशा जमिनीत घातलेलं स्फुरद बरंचसं अडकून पडतं.

कंदांना बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी. कंद सावलीत सुकवा, मग 10 लिटर पाण्यात 100 मिली द्रवरूप खत मिसळून 15 ते 20 मिनिटं बुडवा आणि लगेच लावा. पावडर असेल तर एकरी 4 किलो पावडर 100 किलो चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात कालवा. सावलीत ढीग करून ओल्या गोणपाटाने झाका आणि आठवडाभराने सरीत घाला. शेणखत कच्चं नको. सेंद्रिय कर्ब नसलेल्या कोरड्या जमिनीत हे जिवाणू तग धरत नाहीत, तिथे बाटलीचे पैसे वायाच. जमिनीत वाफसा, म्हणजे चिखल नाही पण ओल आहे अशी स्थिती, हवा.

युरिया आणि जिवाणू खत एकाच ड्रममध्ये कालवू नका. दोन्हींत आठवड्याचं अंतर ठेवा, म्हणजे लागवडीचा युरियाचा हप्ताही जिवाणू खतानंतर आठवड्याने द्या. ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) आणि कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) यांचंही तसंच.

घेताना मुदत आणि जिवाणूंची संख्या वाचा. द्रवरूप खतात दर मिलीला किमान 10 कोटी, पावडरीत दर ग्रॅमला 5 कोटी जिवाणू असावेत, असं खत नियंत्रण आदेशात आहे. बाटली गाडीच्या डिकीत उन्हात तापली तर त्यातलं फारसं काही जिवंत राहत नाही, तेव्हा आमच्याकडून नेताना पिशवीत घालून सावलीत न्या.

निशिगंध एका लागवडीवर दोन-तीन वर्षं चालतो. दुसऱ्या वर्षी भर लावताना (बुंध्याला माती चढवताना) शेणखतातून जिवाणू खत पुन्हा द्यावं लागतं.