प्रेरक चेतापेशी व त्यांचे विकार

मेंदू व मज्जारज्जूतून स्नायूंना आकुंचनाचा आदेश पोहोचवणाऱ्या चेतापेशी. चालणे, बोलणे, गिळणे, श्वास घेणे ही सगळी कामे त्यांच्या भरवशावर चालतात. त्यांचे दोन टप्पे असतात. आजार कोणत्या टप्प्यावर आहे हे ओळखले की निम्मे निदान झाले.

वरच्या टप्प्यातील पेशी मेंदूच्या बाह्यकात (सर्वांत बाहेरच्या थरात) असतात. त्यांतील सर्वांत मोठ्या पेशींचे वर्णन व्लादिमीर बेट्झ यांनी 1874 मध्ये केले. त्यांचे बहुतेक तंतू खाली उतरताना लंबमज्जेत (मेंदूच्या तळाच्या भागात) बाजू बदलतात. म्हणून मेंदूच्या डाव्या भागात रक्तस्राव झाला की उजवे अंग लुळे पडते. खालच्या टप्प्यातील पेशी मस्तिष्कस्तंभात आणि मज्जारज्जूच्या पुढच्या भागात असतात. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या मणक्यांपाशीच संपतो. त्यामुळे पावलाकडे जाणारा तंतू जवळजवळ एक मीटर लांब भरतो, आणि त्याला लागणारी प्रथिने मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढ्या पेशीत तयार होऊन टोकापर्यंत वाहून न्यावी लागतात.

एक खालची पेशी डोळ्याच्या स्नायूत दहाएक स्नायुतंतू सांभाळते, पोटरीत हजाराहून अधिक. शेजारची पेशी मेली की उरलेल्या पेशी नवे फाटे फोडून पोरके झालेले स्नायुतंतू आपल्याकडे घेतात. त्यामुळे अशक्तपणा जाणवू लागतो तोवर बऱ्याच पेशी गेलेल्या असतात. पोलिओतून सावरलेल्या माणसाला काही दशकांनी पुन्हा अशक्तपणा येतो, त्यामागेही दुप्पट-तिप्पट भार वाहून थकलेल्या याच पेशी असाव्यात, असे मानले जाते.

तपासणी : खालची पेशी मेली की स्नायू सैल पडतो, रोडावतो, गुडघ्याखाली हातोडी मारली तरी पाय उसळत नाही आणि कातडीखाली बारीक फडफड दिसते. वरची मेली की स्नायू ताठरतो, प्रतिक्षेप (हातोडीने येणारे झटके) तीव्र होतात, तळवा खरवडल्यावर पायाचा अंगठा वर वळतो (बाबिन्स्की, 1896). नुसती फडफड असेल, ताकद आणि स्नायूची जाडी शाबूत असेल, तर बहुधा काळजीचे कारण नसते; जागरणाने किंवा जास्त कॉफीनेही पापणी फडफडते.

एएलएस (अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस) : दोन्ही टप्पे एकाच वेळी झिजवणारा हा विकार झाँ-मार्तें शार्को यांनी 1869 मध्ये स्पष्ट मांडला. रोडावलेल्या हातातच तीव्र प्रतिक्षेप सापडणे ही त्याची खूण. स्पर्शाची जाणीव जात नाही. डोळ्यांची हालचाल आणि मलमूत्रावरचा ताबा बहुधा टिकतो. बहुतेक रुग्ण लक्षणे दिसू लागल्यापासून दोन ते पाच वर्षे जगतात. स्टीफन हॉकिंग निदानानंतर 55 वर्षे जगले, पण तो फार दुर्मीळ अपवाद.

एएलएसच्या निदानातली नेहमीची चूक मानेच्या मणक्यांपाशी होते. साठीच्या माणसाच्या एमआरआयमध्ये मणके झिजलेले दिसतातच. त्यावर बोट ठेवून शस्त्रक्रिया होते आणि अशक्तपणा वाढतच राहतो. अशा वेळी जीभ पाहावी. जिभेची चेता मानेतल्या मज्जारज्जूतून निघत नाही, म्हणून रोडावलेली, फडफडणारी जीभ मणक्यांच्या झिजेच्या खात्यात टाकता येत नाही.

एएलएसवर रिल्युझोल हे औषध 50 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तासांनी देतात. यकृताच्या चाचण्या अधूनमधून कराव्या लागतात. आयुष्य त्याने काही महिनेच वाढते. त्याहून मोठा फरक श्वासाची वेळेवर काळजी घेतल्याने पडतो. सकाळी डोके दुखणे, आडवे झोपता न येणे, दिवसा पेंग येणे या तक्रारी सुरू झाल्या की रात्री बायपॅप (मुखवट्यातून दाबाने हवा देणारे यंत्र) लावावा. श्वासाचे स्नायू थकलेले असताना नुसता ऑक्सिजन दिला तर कार्बन डायऑक्साइड साचून गुंगी वाढू शकते. अन्नासाठी पोटात नळी घालायची असेल तर श्वासाची क्षमता निम्म्यावर येण्याआधी घालावी. उशीर झाला की त्या प्रक्रियेचाच धोका वाढतो.

लहान मुलांचा एसएमए (स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी) हा खालच्या पेशींचा आनुवंशिक विकार आहे. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा विकार होण्याची 25 टक्के शक्यता असते. 2016 पासून त्यावर औषधे निघाली. भारतात सुमारे 16 कोटी रुपयांच्या एका इंजेक्शनसाठी लोकवर्गणी गोळा होताना महाराष्ट्राने पाहिली आहे. लक्षणे दिसण्याआधी उपचार झाल्यास फायदा सर्वाधिक, कारण मेलेली पेशी परत येत नाही.

लाखेचा लकवा : पूर्व विदर्भात भाताच्या शेतात लाख म्हणजे लाखोळी ही डाळ पेरतात. पाणी तुटले तरी ती तग धरते, म्हणून दुष्काळात गरिबाच्या ताटात तीच उरते. तिच्यातील ओडॅप हे द्रव्य वरच्या टप्प्याला इजा करते. अधूनमधून खाल्लेल्या डाळीने सहसा काही होत नाही; रोजच्या अन्नाचा तिसरा हिस्सा किंवा अधिक लाखच असेल आणि हे दोन-तीन महिने चालले, तर पाय ताठरतात, गुडघे एकमेकांवर घासतात, माणूस चवड्यांवर चालू लागतो. वैद्यकातही या रुग्णांची पायरी एक काठी, दोन काठ्या आणि शेवटी रांगणे अशीच मोजतात. डाळ बंद केली की आजार बहुधा तिथेच थांबतो, पण गेलेले पाय पूर्ववत होत नाहीत. केंद्राने 1961 मध्ये विक्रीवर बंदी आणली होती. डाळ भरपूर गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकल्यास बरेचसे ओडॅप निघून जाते, कारण ते पाण्यात विरघळते. दुष्काळात पाणी आणि सरपण दोन्ही अपुरे असते. नेमके तेव्हाच हे करणे जमत नाही.

हिरायामा विकार : पंधरा ते पंचवीस वयाच्या मुलांचा, बहुधा एकच हात मनगटापासून रोडावतो. थंडीत बोटे अधिक लुळी पडतात. मान पुढे झुकवली की मज्जारज्जूचे वेष्टन पुढे सरकून त्याला दाबते. त्यामुळे सरळ झोपवून काढलेला एमआरआय निर्दोष येऊ शकतो; तो मान वाकवून काढायला सांगावे लागते. झीज काही वर्षांत आपोआप थांबते. तोवर मान झुकू न देणारी कॉलर वापरली तर हाताची ताकद अधिक वाचते.