साबण आज का मिळत नाही, दीड महिना थांबायचं कशाला?

दुकानात येणारे बरेचजण विचारतात, सगळे हातानेच बनवता ना, मग एक साबण लगेच मिळतो नि दुसऱ्याला दीड महिना का? म्हणून हा कागद.

आमचा मुख्य साबण कोल्ड प्रोसेसचा. तेल आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी कोमट असताना एकत्र घुसळायचं, दाट झालं की साच्यात ओतायचं, एक-दोन दिवसांनी वड्या कापायच्या. सोडा ऐकून घाबरू नका, एक किलो खोबरेलाचा साबण व्हायला साधारण १८० ग्रॅम सोडा लागतो, आम्ही हिशोबापेक्षा ५ टक्के कमीच घालतो, त्यामुळे सोडा सगळा संपतो नि थोडं तेल मागे उरतं. नुसत्या खोबरेलाचा फेस मस्त येतो पण अंग ओढल्यासारखं होतं, म्हणून सोबत एरंडेल आणि भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल असतं, टाचा फुटल्या की घरी लावतो तेच.

मग ४ ते ६ आठवडे रॅकवर कशाला? साबण तर पहिल्या दोन दिवसांत जवळजवळ झालेला असतो, पण आत पाणी असतं, ते सुकलं नाही तर तुमच्या बाथरूममध्ये आठवड्यात लगदा होतो. आणि आपल्याकडचा पाऊस म्हणजे हवाच ओली, फॅन लावूनही वेळ जास्तच लागतो.

हॉट प्रोसेसमध्ये तेच मिश्रण मंद आचेवर दोन-तीन तास शिजवतात, साबण भांड्यातच तयार होतो, एक-दोन आठवड्यांत वापरता येतो. वडी दिसायला ओबडधोबड, पण सुगंधी तेल शिजल्यावर शेवटी घालतो त्यामुळे वास चांगला टिकतो, मला स्वतःला वाळ्याचा साबण असाच आवडतो.

मेल्ट अँड पोअर म्हणजे तयार बेस विकत आणून वितळवायचा, रंग-वास घालून ओतायचा, त्याच दिवशी तयार. लग्नाच्या रिटर्न गिफ्टला, मुलांच्या आकारांना हाच बरा. पण मूळ साबण आम्ही बनवलेला नसतो, म्हणून लेबलवर 'तयार बेस' असं लिहितोच. यात ग्लिसरीन जास्त, ते हवेतली ओल ओढतं, जुलैत वडीवर घामासारखे थेंब आले तर साबण खराब झाला समजू नका, पुसा आणि वापरा, उरलेले प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवा.

चवथीला कोल्ड प्रोसेसचे हवे असतील तर जूनमध्येच सांगा, ऑगस्टमध्ये सांगितलंत तर ओले साबण आम्ही देणार नाही.